भातसा रिकामं करतोय

जून २०२४ मधली गोष्ट. पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं झालेली. बाबांनी मला खांद्याला धरून हलवलं आणि घरात कुणी गेल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "ऊठ. मोडकसागर ९६ टक्के झालाय म्हणे."

मी उठून बसलो. बाहेर पावसाचा टिपूस नव्हता. पंखा पाचावर होता आणि तरी उशी ओली होती. महापालिकेनं ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात लावलेली, सातही तलावांचा मिळून साठा एकआकडी टक्क्यांवर आलेला, आणि मुलुंडला आमच्या नळाला पहाटे सुतळीएवढी धार. अशा दिवसांत मोडकसागर ९६ टक्के.

"कोण म्हणतंय?"

"तुझा फोन म्हणतोय. तीनदा म्हणाला. आता तानसाबद्दलही काहीतरी चाललंय त्याचं."

बाबा महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी भांडुप संकुलात. अजूनही पावसाळ्यात पेपर आला की आधी तलावांचा तक्ता, मग निधनवार्ता, मग उरलेलं जग, हा क्रम चुकत नाही. त्यामुळे त्यांना ९६ या आकड्याचा आनंद झाला नव्हता, संशय आला होता. "मोडकसागर ९६ आणि तुळशी ४१? असं होत नाही. तुळशी केवढा? ८०४ कोटी लिटरचं भांडं. तो आधी भरतो. हा तक्ता कुठल्या गाढवानं केलाय?"

तक्ता मी केला होता.

आमची कंपनी अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत. कंपनी नेमकं काय करते ते कंपनीच्या वेबसाइटवरही नीट लिहिलेलं नाही, तेव्हा मीही सोडून देतो. कुठलातरी माल कुठूनतरी कुठेतरी जातो आणि त्याची बिलं होतात. ही बिलं तीन मोठ्या सर्व्हरांवर होतात. पेट्या तीन, मिळून एक क्लस्टर, पण त्यांच्या पोटात चाळीसेक व्हर्च्युअल मशिनं. प्रत्येक मशिनाला वाटतं की आपल्याला स्वतंत्र प्रोसेसर आहे, स्वतंत्र मेमरी आहे, स्वतंत्र डिस्क आहे. प्रत्यक्षात एका खोलीत पडदे लावून चार बिऱ्हाडं नांदवावीत तसा प्रकार. आयबीएमनं हे तंत्र १९७२ साली व्हीएम/३७० या नावानं बाजारात आणलं. गिरगावात तोवर त्याला दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या.

माझ्या आधी जो कुणी या खुर्चीवर होता, त्यानं मशिनांना मुंबईच्या तलावांची नावं देऊन ठेवली. मोठा डेटाबेस तो भातसा, कारण मुंबईचं निम्मं पाणी एकटा भातसा देतो. बिलांचं मशीन मोडकसागर. ईमेल तानसा. लॉग आणि बॅकअप जिथे येऊन पडतात ते तुळशी, आणि तुळशीतलं जुनं जिथे सरकवतात ते विहार. अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा काय करतात ते कुणालाच माहीत नाही, पण बंद करायची हिंमत होत नाही. सात तलाव संपल्यावर त्या माणसानं टेस्टिंगच्या मशिनांना धोबी तलाव, गोवालिया टँक आणि सी. पी. टँक अशी नावं दिली. पाण्याचा पत्ता नाही, नाव तेवढं शिल्लक. टेस्टिंगच्या मशिनांना याहून चांगलं नाव कोण देणार?

हे सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. मग मार्चअखेर आली. ३० तारखेला दुपारी मोडकसागरची डिस्क काठोकाठ भरली आणि बिलं थांबली. ती भरतेय हे कुणालाच कळलं नव्हतं, कारण कळवायची सोयच नव्हती. मॅनेजरसाहेबांनी मीटिंग घेतली, ज्यात "प्रोॲक्टिव्ह" हा शब्द अकरा वेळा आला, आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "सगळ्यावर अलर्ट लावा."

सगळ्यावर. हा शब्द मी अक्षरशः घेतला.

प्रोमिथियस नावाची एक प्रणाली आहे. बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत २०१२ साली सुरू झाली, फुकट मिळते. दर पंधरा सेकंदांनी ती प्रत्येक मशिनाची नाडी बघते, आणि तुम्ही ठरवलेली रेघ ओलांडली की बोंब मारते. ग्रीक कथेतल्या प्रोमिथियसनं देवांचा अग्नी चोरला म्हणून त्याला कड्याला बांधलं होतं. रोज एक गरुड येऊन त्याचं यकृत खायचा, आणि रात्रीत ते पुन्हा वाढायचं. ऑन-कॉल माणसाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. तर प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क अशा चारही गोष्टींवर, चाळीसही मशिनांवर मी जूनमध्ये सरसकट ८० टक्क्यांची रेघ मारली आणि समाधानानं मुलुंडला आलो.

पहिल्या रात्री ४१२ मेसेज आले. बाबांनी मला उठवलं ते त्यातल्या सत्तराव्याला.

८० का? सगळे ठेवतात म्हणून. ८० टक्के म्हटलं की उगाच जबाबदार वाटतं. दहावीच्या मार्कांपासूनची सवय. पण मशिनाचं ८० प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं हे कळायला मला पंधरवडा लागला, आणि तो पंधरवडा घरातल्या कुणीच झोपून काढला नाही.

मेमरीचं घ्या. लिनक्सला रिकामी मेमरी बघवत नाही. जेवढी मोकळी असेल तेवढीत तो अलीकडे वाचलेल्या फायली भरून ठेवतो, लागल्या तर पटकन मिळाव्यात म्हणून. आमच्या माळ्यासारखं आहे हे. माळा कायम शंभर टक्के भरलेला, पण दिवाळीला बहीण आली की त्यातूनच गाद्या निघतात आणि त्याच जागेत तिच्या बॅगा बसतात. जागा नाही असं कधीच होत नाही आणि जागा आहे असंही कधी दिसत नाही. लिनक्सवाल्यांनाही हे उमगलं, आणि २०१४ साली ३.१४ या आवृत्तीत त्यांनी "मोकळी किती" या आकड्याशेजारी "वेळ आली तर मिळेल किती" असा वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली. मी पहिल्या आकड्यावर अलर्ट लावला होता. म्हणजे माळा भरलेला दिसला की फायर ब्रिगेडला फोन.

प्रोसेसरची तऱ्हा वेगळी. मी सकाळी मुलुंडहून लोकल पकडतो, घाटकोपरला उतरतो आणि तिथून मेट्रोनं अंधेरीकडे. भांडुप, कांजूरमार्ग करत विक्रोळीपर्यंत डब्यात हात वर असेल तर वर आणि खाली असेल तर खालीच राहतो. रेल्वेच्या दप्तरात याला "सुपर डेन्स क्रश लोड" असं भारदस्त नाव आहे, चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं. पण साखळी कुणी खेचत नाही. कारण घाटकोपर येणार, निम्मा डबा उतरणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. गाडी मध्येच अर्धा तास उभी राहिली तर गोष्ट वेगळी. प्रोसेसर एक मिनिट शंभर टक्क्यांवर गेला तर तो काम करतोय, त्यासाठीच त्याला आणलंय. म्हणून नियमात "सलग इतकी मिनिटं" असं कलम घालायचं असतं. तेवढा वेळ होईस्तोवर अलर्ट "पेंडिंग" राहतो, मग "फायरिंग" होतो. मी ते कलम शून्य ठेवलं होतं. म्हणजे डब्यात धक्का लागला की साखळी.

लोकलवरून आठवलं. एका पेटीतली मेमरी कमी पडू लागली की फुगा नावाची युक्ती वापरतात. प्रत्येक मशिनाच्या आत एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो. वरून हुकूम आला की तो आतल्या आत फुगतो, मेमरी मागत सुटतो, आणि मशीन बिचारं आपलंच कुणीतरी मागतंय समजून आवरून सावरून बसतं. सुटलेली जागा शेजारच्याला मिळते. ही चौथी सीट. "जरा सरकून घ्या" असं म्हणत चौथा माणूस टेकतो, आधीचे तिघे एकेक इंच आक्रसतात, आणि तिघांनाही वाटतं आपण आपणहून सरकलो. फुगा फुगला की समजावं बाकावर चौथा बसलाय. अलर्ट लावायचा तर त्या फुग्यावर लावावा. हे मला जुलैत कळलं. जूनमध्ये मी भातसा वाचवण्यात गुंतलो होतो.

ते सांगायला हवं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री अकरा वाजता भातसाची डिस्क ९४ टक्क्यांवर गेली. हा अलर्ट खरा होता. मी लॅपटॉप उघडला, साफसफाईला हात घातला, आणि टीमला कळवावं म्हणून व्हॉट्सॲपवर लिहिलं: "भातसा ९४ टक्के. आत्ताच्या आत्ता रिकामं करायला घेतोय. सकाळपर्यंत ६० वर आणतो. कुणी मध्ये हात घालू नका."

आमच्या टीमचा ग्रुप आणि आमच्या सोसायटीचा ग्रुप एकाखाली एक असतात. दोन्हींच्या फोटोत इमारतच आहे.

पहिलं उत्तर बी विंगच्या काकांचं आलं: "कपात चालू असताना धरण रिकामं का करताय?" त्यावर कुणीतरी, "करताय नाही, करतायत. हा फक्त सांगतोय. ह्याचे वडील पाणीखात्यात होते." मग तिसरी मजल: "म्हणजे आतली बातमी आहे." चौथ्या मजल्यावरच्या शाहकाकांनी हिंदीत विचारलं, "पानी छोड रहे हैं क्या? मोटर कितने बजे चालू करूँ?" एका काकूंनी बी विंगला आधी सोडणार की ए विंगला एवढंच विचारलं. ज्यांना काहीच कळलं नव्हतं त्यांनी हात जोडले. एकानं पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ म्हणून जाहीर केलं. कुणाला बघून घेणार ते सांगितलं नाही. आणि या सगळ्यात आमच्या खजिनदारांनी एक शब्द न बोलता सकाळचा टँकर रद्द केला. ९४ टक्के धरण भरलेलं असताना टँकरचे पैसे कशाला घालवा, असा त्यांचा विचार. हिशेबी माणूस.

मला हे सकाळी साडेसहाला कळलं. भातसा ६० वर आणून मी झोपलो होतो. सी विंगच्या जिन्यात बादल्या वाजत होत्या आणि आमच्या दारात सेक्रेटरी उभे होते. मी त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय हे समजावून सांगायला लागलो. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे धरण खोटं आहे."

"हो."

"आणि ९४ टक्के?"

"ते खरं आहे."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. नंतर बाबांकडे पाहिलं. बाबा पेपरात तोंड घालून बसले होते.

ऑफिसात माझी सुटका केली ती शिरोळच्या मुलानं. कोल्हापूर जिल्ह्यातला, बोरिवलीला तिघांत खोली घेऊन राहतो, बोलतो कमी. एक दिवस माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाला, "सर, हे ८० कशावरनं ठरवलंय?"

"सगळे ठेवतात."

"आमच्याकडं राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे काय गोल आकडे हाईत व्हय? मधले चार फूट कशापायी ठेवल्यात सांगा बघू."

मला सुचेना.

"म्हशी हलवायला."

त्यानं मग नीट सांगितलं. ३९ झालं की गावात दवंडी, आता स्पीकर. त्यानंतर पाणी तासाला किती इंच चढतंय याच्याकडे डोळे. २०१९ साली ते ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. म्हशी, धान्याची पोती, गॅसची टाकी, म्हातारी माणसं, हे सगळं उंचावर न्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ हातात राहील अशा बेतानं इशारा असायला हवा. त्याच्या आधी ओरडलात तर लोक झोपतात, नंतर ओरडलात तर म्हशी पोहतात. "तुमच्या भातसात म्हशी किती सर? आणि हलवायला किती टाइम लागतो?"

मी हिशेब केला. जुने लॉग पुसायला वीस मिनिटं. पण नवीन डिस्क घ्यायची तर कोटेशन, तीन सह्या, आणि सही करणारे एक साहेब कायम सिंगापुरात. सगळं मिळून पाच आठवडे. म्हणजे तुळशीला ९५ वर सांगितलं तरी चालेल, आणि भातसाला आजच्या चालीनं पाच आठवड्यांनी काय होईल ते आज सांगायला हवं. प्रोमिथियसला हे करता येतं. गेल्या काही दिवसांची चढण बघून रेघ पुढे ओढायची आणि ती छताला कधी टेकते ते सांगायचं. कोल्हापूरकर हे बंधाऱ्यावर उभं राहून करतात.

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक अलर्टमध्ये एक रकाना आहे. इंग्रजीत त्याला रनबुक वगैरे म्हणतात. आमच्याकडे तिथे "म्हशी" असं लिहिलेलं आहे, आणि खाली काय हलवायचं ते. ज्या अलर्टला म्हशी सापडल्या नाहीत तो काढून टाकला. ४१२ चे ३८ झाले.

या बाबतीत आपल्याकडे मला सगळ्यात आवडतो तो अंधेरी सबवे. हवामान खातं यलो, ऑरेंज, रेड असे रंग देतं. त्यांच्या मोजणीत चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलं की "अतिमुसळधार"चीही पुढची पायरी. आता तर वेरावलीला, म्हणजे अंधेरीच्या डोक्यावरच, त्यांचं रडार आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा ते नव्हतं. पण माणसं फोनवर रेड बघतात, खिडकीतून ऊन बघतात, आणि छत्री घरी ठेवून निघतात. "अंधेरी सबवे बंद" असं आलं की मात्र कुणी खिडकीकडे बघत नाही, रिक्षावाला न विचारता रिक्षा वळवतो. त्यात टक्के नाहीत, रंग नाही. म्हशी मात्र आहेत.

पुढची सुधारणा बाबांची. एकदा रात्री तुळशी, विहार आणि त्यांच्यावर टेकलेली सहा मशिनं अशा आठांनी एकदम ओरडा केला. मी आठ मेसेज दाखवले. बाबा म्हणाले, "आठ कशाला? तुळशी भरून वाहिला की पाणी विहारमध्ये जातं. विहार भरला की मिठी नदीत. मिठीला पूर आला की कुर्ल्यात पाणी. कुर्लेकरांनी फोन केला म्हणून आम्ही कुर्ल्याला पंप घेऊन धावत सुटायचं, की आधी वर तुळशीत काय झालंय ते बघायचं? एक वरचा सांग, खालचे गप्प बसव." याला इनहिबिशन म्हणतात आणि त्याच्यावर तासाभराचे व्हिडिओ आहेत. बाबांनी दात घासता घासता सांगितलं.

इथवर माझं बरं चाललं होतं. मग तुळशी भरला.

खरा तुळशी. शनिवार, २० जुलै २०२४. त्या मोसमात सात तलावांपैकी पहिला. बाबांच्या चेहऱ्यावर नातू झाल्यासारखं तेज, आईनं शिरा केला, सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर तुळशीचे व्हिडिओ, पाणी सांडव्यावरून पडतंय, मागे कुणीतरी भक्तिगीत लावलंय. शिरोळच्या मुलाचाही फोन आला. त्यांच्याकडेही असंच असतं म्हणाला. नृसिंहवाडीला पुराचं पाणी उत्तरेकडून देवळात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा. गावोगावचे लोक आंघोळीला येतात, आणि त्याच वेळी दोन मैलांवर कुणीतरी म्हशी सोडत असतं.

रात्री नऊच्या सुमारास माझ्या फोनवर आलं: तुळशी ९५ टक्के. मग तुळशी ९७. मग तुळशी ९९. मी शिरा खाल्लेला, पाऊस पडतोय, मुलं झोपलीत. मी म्हटलं, लोकांना बातम्या उशिरा पोचतात. एका मेसेजवर तर मी हात जोडलेही. मग सगळे एकदम पुसून टाकले. पावणेबारानंतर एकही मेसेज आला नाही. त्या रात्री मी जूनपासून पहिल्यांदा सलग आठ तास झोपलो. रविवारीही फोन मुका. संध्याकाळी बायकोला म्हणालो, "शेवटी रेघा जमल्या बघ."

सोमवारी सकाळी घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर फोन आला. शनिवारी रात्रीपासून गोदामात एक बिल झालं नव्हतं.

झालं होतं असं. आमच्या इमारतीत ४८ फ्लॅट आणि २२ गाड्यांची जागा आहे, आणि बिल्डरनं पार्किंग मात्र ३५ जणांना विकलं. सगळ्या गाड्या एकदम घरी येत नाहीत तोवर हे खपून जातं. सर्व्हरच्या डिस्कचंही तसंच. प्रत्येक मशिनाला कागदावर भरपूर जागा दिलेली, पण खाली साठवणाची टाकी एकच आणि कागदापेक्षा लहान. तुळशीत शनिवारी रात्री बॅकअप भलताच फुगला आणि त्यानं खालची टाकी संपवली. टाकी संपली की ज्या मशिनाला लिहायला नवीन जागा लागते ते जागच्या जागी थिजतं. जे नुसतं वाचतंय ते चालू राहतं. मग सगळ्यात आधी कोण थिजलं असेल? जो सतत लिहीत असतो तो. दर पंधरा सेकंदांनी चाळीस मशिनांची नाडी वहीत टिपणारा. पहारेकरी.

तो मी त्याच क्लस्टरमध्ये ठेवला होता.

मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "अलर्ट आला नाही का?" याला दोन उत्तरं होती. एक, आला होता, पण मला वाटलं तलाव आहे. दोन, पुढचा येऊ शकला नाही, कारण देणाराच अडकला. मी दुसरं उत्तर दिलं. पहिलं मी आज प्रथमच सांगतोय.

घरी बाबा म्हणाले, "पहारेकरी विहिरीत बसवतात का रे?" पण खरा मुद्दा आईनं काढला. ती पोळ्या लाटत होती. "तू पुण्याला होस्टेलवर होतास तेव्हा मी काय सांगायची? पोचलास की फोन कर. फोन आला की मी तो घेऊन काय विचारायची? काही नाही. पण आला नाही की समजायचं काहीतरी झालंय." माझं म्हणणं, संकट आलं की मशीन फोन करेल. तिचं म्हणणं, ज्याच्यावर संकट आलंय तो फोन कुठून करणार?

म्हणून आता आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली एक जुनाट डेस्कटॉप आहे. क्लस्टरशी नातं नाही, फक्त बाहेरून सगळ्यांना हाक मारून बघतो. त्याचं नाव पवई. पवईचा तलाव एकोणिसाव्या शतकातला, पण त्याचं पाणी पिण्यालायक नाही आणि सातांच्या तक्त्यात त्याला जागा नाही. बाहेरून बघत बसायला याच्याहून योग्य कोण? रोज सकाळी सहा वाजता पवई एक मेसेज पाठवतो: "सगळे हजर." त्यात काहीही नवं नसतं. तो न येणं हीच बातमी. आणि न आलेली गोष्ट लक्षात येणारा, सकाळी सहाला जागा असणारा, घरात एकच माणूस आहे. पवई मेसेज बाबांना पाठवतो. कंपनीला हे माहीत नाही.

बाबांनी त्यासाठी वही घातलीय. तीन रकाने: तारीख, वेळ, शेरा. वेळ रोज ६.००, शेरा रोज "ठीक", प्रत्येक पान खाली सही करून बंद. सप्टेंबरात एक दिवस मी साबण लावून उभा असताना बाथरूमचं दार वाजलं. "पवई आला नाही."

"नेट गेलं असेल, बाबा."

"सहा वाजून चार मिनिटं झालीत."

मी तसाच टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि शिरोळला, म्हणजे बोरिवलीला, फोन लावला. तो झोपेत म्हणाला, "सर, म्हशी काढू?" काढ म्हटलं. दहा मिनिटांत त्यानं भातसा, मोडकसागर, तानसा सगळे तपासले. सगळे ठणठणीत. मी गुडघ्यांवर बसून टीव्हीखाली वाकलो. पवईचा प्लग भिंतीतून काढलेला होता आणि त्या जागी एक वायर स्वयंपाकघरात गेली होती. तिथला सॉकेट सैल झालाय, असं आई आठवडाभर सांगत होती.

बाबांनी चष्मा लावला, वही उघडली, वेळेच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: "चटणी."